पावणेचार इंच

माझ्या टेबलावर एक पांढरा शिपाई आहे. उभा आहे असं म्हणवत नाही, कारण त्याचे कमरेचे सांधे इतके सैल झालेत की पाठीमागचा पुस्तकांचा आधार काढला की तो तोंडावर आपटतो. 'स्टार वॉर्स' पाहिलेल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. हा स्टॉर्मट्रूपर, साम्राज्याचा बिनचेहऱ्याचा सैनिक. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत लहानाचा मोठा झाला. मावशीचं तिथलं घर विकायच्या वेळी माळ्यावरच्या एका खोक्यात त्याला हा सापडला आणि गेल्या डिसेंबरात पुण्याला येताना त्याने तो पायमोज्यात गुंडाळून माझ्यासाठी आणला. धड जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलंय, पाय मात्र अजून बऱ्यापैकी पांढरे आहेत. मोजा झटकल्यावर त्यातून एक इवलीशी काळी बंदूकही पडली. तिच्याकडे नंतर येतो.

शिपायाची उंची पावणेचार इंच. त्याला पालथा घालून पायाच्या मागच्या बाजूवर भिंग धरलं, की उठावाची बारीक अक्षरं दिसतात: 'जी. एम. एफ. जी. आय. १९७७' आणि जवळच 'हाँगकाँग'. ती पाच अक्षरं म्हणजे 'जनरल मिल्स फन ग्रुप इन्कॉर्पोरेटेड'. जनरल मिल्स ही अमेरिकेतली न्याहारीचे 'चिरिओज' आणि केकची पिठं विकणारी कंपनी. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातली 'केनर' ही खेळण्यांची कंपनी त्या काळी तिच्या मालकीची होती. हा शिपाई केनरचा. १९७७ हे साल मात्र फसवं आहे. ते हक्काचं साल, जन्माचं नव्हे. १९७७ मध्ये ही फिगर दुकानात मिळत नव्हती. ती आली १९७८ मध्ये. '१९७७ साली घेतलेली मूळ फिगर' अशी जाहिरात दिसली की मुरलेले संग्राहक गालात हसतात ते यामुळे.

'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्दही केनरच्या या फिगरच्या आधीचा. १९६४ मध्ये 'हॅसब्रो' कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा तिला एकच धास्ती होती: मुलाच्या हातात 'बाहुली' द्यायला बाप तयार होणार नाहीत. म्हणून बाहुलीला बाहुली म्हणायचं नाही असं ठरलं आणि नवा शब्द घडवला गेला. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडत वाढलेल्या आपल्या पोरांना ही अडचण कधी आली नाही. मावळा म्हणजे मावळाच, त्याला कुणी बाहुली म्हटलं नाही.

आज विश्वास बसणार नाही, पण 'स्टार वॉर्स'ची खेळणी करायला कुणी उत्सुक नव्हतं. सिनेमातल्या आणि टीव्हीवरच्या पात्रांच्या बाहुल्या करण्यात त्या वेळी 'मेगो' ही कंपनी सगळ्यांत पुढे होती आणि तिनेच हा प्रस्ताव नाकारला. तो धंद्याच्या हिशेबाने वेडेपणा नव्हता. टीव्ही मालिका वर्षानुवर्षं चालते, रोज संध्याकाळी खेळण्याची फुकट जाहिरात करते. सिनेमा काही आठवड्यांत पडद्यावरून उतरतो आणि खेळणं घडवायला जवळजवळ वर्ष लागतं. माल दुकानात पोचेपर्यंत सिनेमा लोकांच्या डोक्यातून गेलेला असायचा. जॉर्ज लुकासने दिग्दर्शनाचं मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि मालविक्रीचे हक्क स्वतःकडे ठेवले, तेव्हा स्टुडिओने ते फारशी खळखळ न करता दिले, त्यामागेही हाच हिशेब होता.

केनरचे प्रमुख बर्नार्ड लूमिस यांनी धोका पत्करला. फिगरची उंची कशी ठरली याची एक दंतकथा सांगतात: लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून 'एवढी केली तर?' असं विचारलं, कुणीतरी ते अंतर मोजलं आणि ते पावणेचार इंच भरलं. कथा खरी असो वा नसो, उंचीमागचं कारण खणखणीत आहे. तोवरच्या बहुतेक फिगर आठ ते बारा इंची असत. पण या सिनेमात माणसांइतकंच महत्त्व यानांना होतं. सिनेमातल्या हान सोलोची बारा इंची फिगर बसवायला जहाज करायचं, तर ते दिवाणाएवढं झालं असतं. ठेवायचं कुठे आणि विकायचं कितीला? पावणेचार इंची माणसासाठी मुलाच्या कवेत मावेल असं यान करता आलं. शिवाय प्लॅस्टिक कमी लागलं. फिगर दोन डॉलरच्या आसपास विकता आली, त्यामुळे मुलांना एका पात्रावर न थांबता अख्खी फौज जमवावीशी वाटू लागली. 'सगळे गोळा करा' हे आजचं व्यसन त्या मापातून निघालंय असं माझं मत आहे. बहुतेकांना सांधे फक्त पाच: मान, दोन खांदे, दोन कमरेला. गुडघा वाकत नाही, कोपर वाकत नाही. बसवलं की पाय सरळ पुढे, रांगायला शिकण्याआधीच्या बाळासारखे.

सिनेमा २५ मे १९७७ ला लागला आणि पुढचं सगळं माहीतच आहे. केनरची मात्र पंचाईत झाली. एका फिगरसाठी आधी शिल्प, मग त्याचे साचे, मग पोलादी डाय, मग हाँगकाँगच्या कारखान्यातले नमुने, मग रंगकाम. नाताळापर्यंत काहीच होणार नव्हतं. तेव्हा केनरने जे केलं त्याला खेळण्यांच्या धंद्यात आजही तोड नाही. त्यांनी पाकीट विकलं. आत चित्र छापलेला पुठ्ठ्याचा स्टँड, काही स्टिकर, क्लबचं कार्ड आणि एक प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र टपालाने कंपनीला पाठवायचं, की १ फेब्रुवारी ते १ जून १९७८ च्या दरम्यान ल्यूक, लेया, चुबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार फिगर घरपोच. याचं नाव 'अर्ली बर्ड'. 'बाजारात तुरी' ही म्हण आपण वेडेपणाला वापरतो. केनरने तुरीचे पैसे आधी घेऊन दाखवले. नाताळाच्या सकाळी पाकीट उघडून आत पुठ्ठा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा मला डोळ्यांसमोर आणवत नाही. पण १९७८ मध्ये पहिल्या बारा फिगर दुकानांत पोचल्या आणि त्या एका वर्षात केनरने 'स्टार वॉर्स'ची चार कोटींहून जास्त खेळणी विकली.

चार कोटी. म्हणजे दुर्मीळ यातलं काहीच नाही, असं कुणालाही वाटेल. माझ्या शिपायाचे भाऊबंद तर जगभर पसरलेत. मग संग्राहक नेमकं कशामागे धावतात? बहुतेक वेळा केनरच्या चुकांमागे. घाईत काहीतरी केलं गेलं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते अंगाशी आलं, मग गुपचूप बदललं. त्या मधल्या काळात जे नग कारखान्यातून बाहेर पडले त्यांना आज सोन्याचा भाव आहे. या छंदात पारख म्हणजे चुकांचा इतिहास पाठ असणं.

प्रकाशाची तलवार घ्या. ल्यूक, ओबी-वान आणि डार्थ व्हेडर यांच्या उजव्या हातात एक खाच असते आणि तिच्यातून तलवारीचं पातं सरकत बाहेर येतं. अगदी सुरुवातीच्या नगांत त्या पात्याच्या टोकातून आणखी एक, सुईसारखं बारीक पातं निघायचं. दुर्बिणीच्या नळ्या जशा एकातून एक निघतात तसं. दिसायला झकास, पण करायला महाग आणि मोडायला सोपं. केनरने आतली सळी काढून टाकली. दुहेरी पात्याचा ल्यूक कधीमधी सापडतो. तसाच ओबी-वान किंवा व्हेडर सापडला तर लिलावात गर्दी होते. आणि म्हणूनच साध्या पात्याला टोकाशी जोड देऊन 'दुहेरी' करणारेही आहेत. तिथे भिंग लागतं.

जावाची गोष्ट याहून गमतीची. जावा म्हणजे वाळवंटात भंगार गोळा करणारी बुटकी जमात. फिगरही बुटकीच, पण किंमत इतरांएवढीच. त्यातून पहिल्या जावाच्या अंगावर रेग्झिनसारख्या प्लॅस्टिकचा पातळ झगा. दुकानात शेजारी ठेवल्यावर गिऱ्हाइकाला आपण अर्ध्या मालाला पूर्ण पैसे देतोय असं वाटणं साहजिक होतं. केनरने लगेच कापडी झगा दिला. कापडाला किंमत जास्त वाटते, या एवढ्याशा दुकानदारी शहाणपणातून प्लॅस्टिकच्या झग्याचा जावा दुर्मीळ झाला. आता ओबी-वानलाही तसाच प्लॅस्टिकचा झगा होता आणि तो भरपूर सापडतो. तो कापून जावाला घालणं हा या छंदातला सर्वांत जुना लबाडीचा उद्योग. अस्सल झग्याचा रंग, जाडी, हात बाहेर काढायच्या भोकांची कड आणि ती कड यंत्राने कापलेली आहे की कात्रीने, हे सगळं पाहावं लागतं. सुट्या प्लॅस्टिक-झग्याच्या जावावर पैसे लावू नयेत, असंच मी सांगेन.

पण माझा सर्वांत लाडका तो निळा स्नॅगलटूथ. पहिल्या सिनेमात एक गुत्ता आहे, तऱ्हेतऱ्हेच्या ग्रहांवरचे प्राणी जिथे दारू पीत बसलेत. 'सीअर्स' या दुकानसाखळीला १९७८ च्या नाताळासाठी त्या गुत्त्याचा खास संच हवा होता: पुठ्ठ्याचा देखावा आणि चार फिगर. केनरच्या कलाकारांकडे या डुकरासारख्या तोंडाच्या प्राण्याचा जो फोटो होता त्यात तो कमरेच्या वरच दिसत होता. खाली काय आहे कुणास ठाऊक. त्यांनी अंदाज बांधला: माणसाएवढी उंची, निळे कपडे, पायात चंदेरी बूट. नंतर कळलं की पात्र बुटकं आहे, कपडे लाल आहेत आणि पायात बूट नाहीत, केसाळ पंजे आहेत. फिगर दुरुस्त झाली. लाल, बुटका स्नॅगलटूथ कार्डावर लागून दुकानोदुकानी गेला. निळा फक्त सीअर्सच्या खोक्यात राहिला. त्यामुळे पारखायला एक सोपी खूण मिळते: निळा स्नॅगलटूथ कधीच पुठ्ठ्याच्या कार्डावर विकला गेला नाही. तसा कुणी दाखवला, तर त्या कार्डाची पुढची चौकशी करत बसायची गरज नाही. त्याच संचातल्या ग्रीडो आणि वॉलरस मॅन यांचे कपडेही सिनेमाशी नीट जुळत नाहीत. ज्यांनी ते कपडे रंगवले त्यांनी बहुधा सिनेमा आपल्यासारखाच तिकीट काढून पाहिला असावा, आणि गुत्त्याचा प्रसंग पडद्यावर फार वेळ नसतो.

चूक न होताही बदललेली एक फिगर आहे आणि तिची किंमत सगळ्यांत वर आहे. १९७९ मध्ये केनरने जाहीर केलं की चार फिगरच्या कार्डांवरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवा, म्हणजे पुढच्या सिनेमातला बोबा फेट फुकट मिळेल. त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून खरोखरचं लाल रॉकेट उडणार होतं. त्याच सुमारास 'मॅटेल'च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' खेळण्यातलं स्प्रिंगवर उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मुलगा दगावला. केनरने आधी रॉकेट अडकून राहावं म्हणून खाचेचा आकार बदलून पाहिला, इंग्रजी 'एल'सारखी खाच 'जे'सारखी केली, पण शेवटी धीर झाला नाही. मुलांना जो बोबा फेट मिळाला त्याच्या पाठीवरचं रॉकेट कायमचं चिकटवलेलं होतं. उडणाऱ्या रॉकेटचा एकही नग विकला गेला नाही. कंपनीतल्या लोकांकडे राहिलेले थोडे प्रायोगिक नमुने तेवढे उरले, बहुतेक बिनरंगी, निळसर-राखाडी प्लॅस्टिकचे. त्यांतला हाताने रंगवलेला एक २०२४ मध्ये 'हेरिटेज ऑक्शन्स'च्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. पावणेचार इंचांना एवढे पैसे! अशा नमुन्याची पारख भिंगाने होत नाही. तो केनरमधल्या कुणाच्या हातून निघाला, तिथून कुणाकडे गेला, याची कागदोपत्री साखळी लागते. जमिनीचा सातबारा बघावा तसा तिचा प्रत्येक फेरफार तपासतात.

आपल्यासारख्यांच्या हाती पडणाऱ्या फिगर दोन प्रकारच्या: 'कार्डेड' आणि 'लूज'. कार्डेड म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुग्यात, म्हणजे 'बबल'मध्ये, जशी दुकानात टांगली होती तशी. कार्डाच्या मागे त्या वेळी मिळणाऱ्या सगळ्या फिगरचे फोटो असत. ते मोजले की काळ कळतो. बारा फोटो असतील तर 'ट्वेल्व्ह-बॅक', सगळ्यांत पहिलं. मग वीस, एकवीस, एकतीस, एक्केचाळीस असं वाढत १९८५ च्या शेवटच्या मालिकेत आकडा ब्याण्णववर गेला. बैलाचे दात मोजून वय सांगतात, तशी ही मोजणी. कार्डाच्या वरच्या बाजूला टांगण्याचं भोक असतं. ते भोक पाडलेलंच नसेल, पुठ्ठ्याची चकती जागेवर असेल, तर त्याला 'अनपंच्ड' म्हणतात आणि भाव वाढतो. खिळ्यालाही न लागलेली वस्तू, असं तिचं सोवळं.

या सोवळ्याला आता गुण देणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेतली 'अ‍ॅक्शन फिगर अथॉरिटी' ही त्यांतली सर्वांत जुनी आणि परिचित. तुम्ही फिगर पाठवायची. ते कार्ड, बबल आणि आतली फिगर यांना शंभरपैकी वेगवेगळे गुण देतात, मग एकत्र गुण ठरतो आणि सगळं अ‍ॅक्रिलिकच्या बंद पेटीत सील होऊन परत येतं. कार्डावर पांढरी सुरकुती आहे का, किमतीची चिठ्ठी काढताना कागद सोलला गेलाय का, कोपरे मऊ पडलेत का, बबल पिवळा झालाय का, चेपलाय का, आणि मुख्य म्हणजे तो एकदा सोडवून परत चिकटवलेला तर नाही ना? जुनी फिगर काढून घेऊन दुसरी आत घालणं आणि गोंदाची रेघ लपवणं ही एक कलाच झाली आहे. कडेने प्रकाश टाकला तर दुसऱ्यांदा लावलेला गोंद बहुतेक वेळा वेगळा चमकतो.

मला या गुणपद्धतीबद्दल आदर आहे आणि थोडी तक्रारही आहे. पंच्याऐंशी आणि ऐंशी यांतला फरक उघड्या डोळ्याला दिसतोच असं नाही, किमतीत मात्र तो ठळक असतो. लोक फिगर विकत घेत नाहीत, गुणपत्रिका विकत घेतात. दहावीच्या निकालाची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे काही नवीन वाटायचं कारण नाही. पण बनावट मालाचा सुळसुळाट पाहता, त्रयस्थ माणसाने वस्तू हाताळून 'हे अस्सल' असं लिहून देण्याला मोल आहे हे मान्य करावंच लागतं.

लूज फिगरमध्ये खरी मजा आहे, निदान माझ्यासाठी, कारण तिथे खेळलेल्या मुलाच्या खुणा वाचता येतात. सी-थ्रीपीओच्या अंगावरचा सोनेरी मुलामा निर्वात कक्षात धातूची वाफ चढवून दिलेला असतो, अत्यंत पातळ. वाळूत खेळलेला थ्रीपीओ कोपऱ्याकोपऱ्यांवर उघडा पडतो. आर-टू-डी-टूच्या पोटावरची निळी नक्षी म्हणजे कागदी स्टिकर. आंघोळीला नेलेला आर-टू लगेच ओळखू येतो. नाक, भुवया, केसांचं टोक यांवरचा रंग सगळ्यांत आधी जातो. सांधे सैल होतात. पांढरी प्लॅस्टिकं पिवळी पडतात. अशा कडक प्लॅस्टिकांतलं एक नेहमीचं म्हणजे एबीएस. त्यात रबरासारखा एक घटक मिसळलेला असतो; उजेडातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने तो बदलत जातो आणि पिवळेपणा चढतो. एकाच फिगरचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे असतात, म्हणून माझ्या शिपायाचं धड एका रंगाचं आणि पाय दुसऱ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर तो पुन्हा पांढरा होतो. पण पांढरेपणा टिकेल याची खात्री नाही, प्लॅस्टिक ठिसूळ होण्याची भीती असते, आणि बरेच संग्राहक याकडे जुन्या मूर्तीला ऑइलपेंट फासण्यासारखं पाहतात. मी माझा तसाच ठेवला आहे.

सगळ्यांत मोठा घोळ शस्त्रांचा. नखाएवढी, बोटाएवढी पिस्तुलं पहिल्या आठवड्यात सोफ्याखाली किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात जात. त्यामुळे फिगर मुबलक आणि शस्त्रं दुर्मीळ अशी उलटी स्थिती आहे. अर्थातच नक्कल तयार झाली. काही विक्रेते ती 'रिप्रो' म्हणून उघड विकतात, काही अस्सल म्हणून. पहिली चाचणी पाण्याची. केनरच्या अनेक शस्त्रांचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ती तरंगतात. नकला बऱ्याचदा जड प्लॅस्टिकच्या आणि बुडणाऱ्या. पण नुसती पाण्यावर ठेवून उपयोग नाही. वस्तू इतकी लहान की पाण्याचा पृष्ठताणच तिला उचलून धरतो, सुईला धरतो तसा. चमच्याने तळाशी दाबायची आणि सोडायची. आपणहून वर आली तर आशा ठेवायची. त्यानंतरही ठाम बोलू नये, कारण सगळी अस्सल शस्त्रं तरंगत नाहीत आणि नव्या नकला करणारेही हलकं प्लॅस्टिक वापरायला शिकलेत. शेवटी कडांची धार, साच्याची रेघ, शंभर अस्सल तुकडे हाताळून बोटांना आलेली सवय हेच उरतं.

नकलेचं एक वेगळंच नशीब तुर्कस्तानात उघडलं. तिथे १९८० च्या दशकात 'उझाय' नावाने परवान्याशिवाय फिगर निघाल्या, भडक रंगांच्या, चुकीच्या नावांच्या, कार्डावर भलतीच चित्रं. केनरच्या मालाची ही राजरोस चोरी. आज त्याच चोरीच्या फिगर अस्सलपेक्षा महाग आहेत आणि त्यांच्याही नकला होतात. बनावट उझाय ओळखणारे तज्ज्ञ आहेत, हे वाचून मी खुर्चीत बसल्या बसल्या नमस्कार केला.

१९८५ नंतर मुलांचा रस आटला आणि मालिका थांबली. १९९१ मध्ये केनर हॅसब्रोच्या ताब्यात गेली. १९९५ मध्ये फिगर परत आल्या, पण पहिलवानांसारख्या. १९९९ मध्ये नव्या सिनेमाच्या खेळण्यांसाठी अमेरिकेतली दुकानं ३ मेच्या मध्यरात्री उघडली आणि मोठ्या माणसांनी गाड्या भरभरून माल नेला. सगळ्यांना १९७८ च्या फिगरचे भाव ठाऊक झाले होते, त्यामुळे कुणीच कार्ड फोडलं नाही. पंचवीस वर्षांनंतर त्या फिगर अजूनही कार्डावर आहेत, ढिगांनी, आणि त्यांना कुणी विचारत नाही. जुन्यांना किंमत आली कारण लाखो मुलांनी त्या फोडल्या, चावल्या, वाळूत पुरल्या, फटाके बांधून उडवल्या. त्या मुलांनी आपलं काम चोख केलं नसतं, तर जपणाऱ्या मूठभरांना काहीच मिळालं नसतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या 'स्ट्राँग' संग्रहालयाने या फिगरना आपल्या राष्ट्रीय खेळणी-सन्मानयादीत जागा दिली.

आपल्याकडे त्या काळात हे काही आलं नाही. पण ते माप आलं. हॅसब्रोने १९८२ मध्ये जुना बारा इंची जी. आय. जो नव्याने काढला तो केनरच्याच पावणेचार इंचांत. गोव्यात कारखाना असलेल्या 'फनस्कूल'ने पुढे त्याची भारतीय आवृत्ती काढली आणि नव्वदच्या दशकात वाढदिवसाला ती मिळालेली पिढी आज चाळिशीत आहे. फनस्कूलने हॅसब्रोच्या साच्यांना आपल्या मर्जीचे रंग दिले. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे भलत्याच रंगात निघायचा. आमच्या लेखी ती साधी गोष्ट होती. अमेरिकन संग्राहकांना मात्र हे 'चुकीचे' रंग इतके भावले की ते भारतातून या फिगर शोधून मागवतात. उलट दिशेने मागवणं मात्र महाग. खेळण्यांवरचा आयातकर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाला आणि २०२३ मध्ये ७०. मागवलेल्या फिगरपेक्षा कराची पावती पाहूनच घरातल्यांचे प्रश्न सुरू होतात.

आता ती काळी बंदूक. आकार बरोबर होता, शिपायाच्या मुठीत बसतही होती. परवा रात्री काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, चमच्याने तिला तळाशी दाबलं आणि चमचा काढला. ती हलली नाही. पाच मिनिटं पाहिलं, नंतर पेला जरा हलवला. तळाशीच.

मावसभावाला फोन केला. तिकडे सकाळ होती. खोक्यात ही बंदूक होती का, असं सरळच विचारलं. तो जरा थांबला.

"नव्हती रे," तो म्हणाला. "त्याला रिकाम्या हाताने कसा आणू? म्हणून इंटरनेटवरून मागवली. चार डॉलरला. तू पाण्यात टाकलीस ना?"

माझ्या वहीत प्रत्येक वस्तूची नोंद असते. शिपायाच्या पानावर लिहिलं: हाँगकाँग, धड पिवळं, सांधे सैल, बंदूक रिप्रो, मावसभावाकडून. मग बंदूक पुसून त्याच्या मुठीत परत घातली.